सीओपीडी आणि नवं संशोधन: रुग्ण आणि घरचे विचारतात ते प्रश्न

छातीच्या रुग्णांचे श्वासाचे व्यायाम घेते. वर्ग संपला की लोक थांबतात, मोबाइलवर आलेल्या बातम्या दाखवतात. कुठे 'धापेवर नवं इंजेक्शन', कुठे 'फुप्फुस पुन्हा नव्याने तयार होणार'. त्यांतलं खरं किती आणि आपल्या उपयोगाचं किती, हे एका ठिकाणी असावं म्हणून हे पान. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

सीओपीडी म्हणजे दमाच ना?

नाही. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि पुन्हा सैल होतात. मधल्या काळात माणूस अगदी ठणठणीत असू शकतो. सीओपीडीत (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मोनरी डिसीज, म्हणजे हवेला अडथळा आणणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) नलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात, शिवाय हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती विरत जातात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, ती अडकून राहते आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. म्हणून चालताना, जिना चढताना, कधी नुसते केस विंचरताना धाप लागते. काहींना दोन्ही आजार एकत्र असतात.

२०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की हवेच्या पिशव्या विरायच्या आधीच सगळ्यात बारीक, २ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या नलिका मोठ्या संख्येने नाहीशा होतात. त्या इतक्या असतात की बऱ्याच गेल्या तरी सुरुवातीला फारसं जाणवत नाही. 'थोडा दम लागतोय, वयाने होत असेल' असं म्हणत माणूस डॉक्टरांकडे येतो, तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

आमच्या आईने बिडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. तिला हा आजार कसा झाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारताना मुलांच्या आवाजात थोडा राग असतो, जणू आईवर खोटा आरोप झालाय. तिला चूल आठवून पाहायला सांगा. खालच्या छपराचं स्वयंपाकघर, काजळीने काळी झालेली भिंत, ओलं सरपण पेटत नाही म्हणून तोंड खाली घालून फुंकणीने मारलेली फुंकर आणि नेमका त्याच क्षणी तोंडावर आलेला धूर. दिवसातले काही तास, वयाच्या दहा-बाराव्या वर्षापासून. मांडीवर लहान मूल असेल तर त्याच्याही नाकातोंडात तोच धूर.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरचे अभ्यास एकत्र मांडून दाखवलं, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेलं नसतं. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये भारताचा राज्यवार अभ्यास आला. १९९० साली देशात सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ पर्यंत ५ कोटी ५३ लाख झाले, असा त्याचा हिशेब आहे. या आजाराने हिरावलेल्या निरोगी वर्षांपैकी जवळपास ५४ टक्के वर्षांना घरातली आणि बाहेरची प्रदूषित हवा कारणीभूत होती. तंबाखूचा वाटा सुमारे २५ टक्के. आपल्याकडचा सीओपीडी आधी हवेचा आजार आहे, मग तंबाखूचा. तरीही डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'सिगारेट ओढता का?' एवढाच असतो. 'नाही' म्हणणाऱ्या बाईचा आजार मग वर्षानुवर्षं 'ॲलर्जी', 'अशक्तपणा' या नावांखाली दडून राहतो.

मेक्सिकोत चुलीवर स्वयंपाक केलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांचे सीटी स्कॅन तपासले गेले. धूम्रपान करणाऱ्यांच्या मानाने त्यांच्यात हवेच्या पिशव्या कमी विरलेल्या दिसल्या, पण अरुंद नलिकांमागे अडकलेली हवा जास्त होती. म्हणजे आजाराचं नाव एकच असलं तरी आतलं चित्र निराळं. पण बहुतेक मोठे औषधांचे प्रयोग धूम्रपान केलेल्या, बहुतांशी पाश्चात्त्य रुग्णांवर झालेत. आपल्या आयांवर ती औषधं तितकीच लागू पडतात का, याचा अभ्यास फारच थोडा झालाय, आणि याची मला मनापासून चीड येते.

आता गॅस आला आहे. धोका टळला का?

कमी झाला. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या युन्यान भागात २००२ ते २०११ अशी ९ वर्षं सुमारे हजार गावकऱ्यांचा पाठपुरावा झाला. ज्या घरांनी बायोगॅस घेतला आणि स्वयंपाकघरातून धूर बाहेर जायची सोय केली, त्या घरांतल्या लोकांच्या फुप्फुसांची झीज मंदावली. दोन्ही केलेल्यांना फायदा सर्वाधिक झाला. हा मला स्वतःला सगळ्यात आशेचा अभ्यास वाटतो, कारण यात महागडं काहीच नाही.

आपल्याकडे २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि शेगड्या घरोघरी पोचल्या. पण सिलिंडर संपल्यावर, आंघोळीचं पाणी तापवायला, भाकऱ्या थापायला चूल पेटतेच. ती पेटवायचीच असेल तर उघड्यावर, पडवीत पेटवा आणि आजारी माणसाला तिच्याजवळ बसवू नका. डासांच्या उदबत्तीचंही तेच. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. रुग्णाच्या खोलीत मच्छरदाणी लावा.

आजार साठीत कळला. सुरुवात कधी झाली असेल?

कदाचित लहानपणी. पूर्वी समजूत अशी होती, की फुप्फुसं विशीत पूर्ण भरात येतात आणि मग धुराने ती भराभर झिजतात. २०१५ साली पीटर लांगे आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या लोकांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासल्या. सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुप्फुसं भराभर झिजलीच नव्हती. चाळिशीच्या आत त्यांची क्षमता मुळातच कमी होती. पुंजीच तुटपुंजी असल्यामुळे वयाचा नेहमीचा खर्चही त्यांना झेपला नाही. चाळिशीपूर्वी क्षमता कमी असलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पुढे सुमारे २२ वर्षांत सीओपीडी झाला, बाकीच्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं.

कमी दिवसांचं बाळंतपण, कमी वजन, बालपणी पुन्हा पुन्हा झालेला न्यूमोनिया, घरातला धूर या सगळ्यांनी फुप्फुसांची वाढ खुंटते. म्हणून आजीचा आजार कळल्यावर नातवंडं कुठल्या हवेत वाढताहेत हेही पाहायला हवं.

पूर्वी टीबी झाला होता. त्याचा संबंध आहे का?

आहे. टीबी बरा झाला तरी नलिकांवर व्रण राहतात आणि हवेला अडथळा येतो. सीओपीडीसाठी जगभर मानली जाणारी 'गोल्ड' ही मार्गदर्शिका आहे. तिच्या २०२३ च्या आवृत्तीत आजाराचे कारणांवरून प्रकार पाडले. त्यांत धूम्रपानाबरोबर प्रदूषण, खुंटलेली वाढ, दमा आणि टीबीसारखे संसर्ग अशी वेगळी कारणं नोंदली आहेत. डॉक्टरांना जुन्या टीबीचं सांगा, जुने एक्स-रे असतील तर न्या. धाप वाढली म्हणून थुंकी न तपासता परत टीबीची औषधं सुरू करणं मात्र बरोबर नाही.

एक्स-रे चांगला आहे. मग स्पायरोमेट्री कशाला?

कारण एक्स-रेमध्ये हवेचा वेग दिसत नाही. स्पायरोमेट्रीत नाकाला चिमटा लावतात, पूर्ण श्वास भरून नळीत जोरात फुंकायला सांगतात, आणि फुप्फुस रिकामं होईपर्यंत फुंकतच राहायचं असतं. तंत्रज्ञ शेजारी उभे राहून 'फुंका, फुंका, अजून, अजून!' असं ओरडत असतात. घाबरू नका, ते रागावलेले नसतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, याचं गुणोत्तर काढतात. नलिका रुंद करणारं औषध दिल्यानंतरही ते ०.७० पेक्षा कमी असेल तर अडथळा कायमचा आहे असं धरतात.

वेळीच तपासल्याने फरक पडतो याचा चांगला पुरावा २०२४ साली कॅनडातून आला. तिथे श्वासाची लक्षणं असलेल्या, पण कधीच निदान न झालेल्या लोकांना शोधून काढलं. दमा किंवा सीओपीडी सापडलेल्या सुमारे ५०० जणांपैकी निम्म्यांवर छातीच्या तज्ज्ञांनी उपचार केले, बाकीचे नेहमीच्या डॉक्टरांकडे राहिले. तज्ज्ञांकडे गेलेल्यांना पुढच्या वर्षभरात श्वासाच्या त्रासासाठी दवाखान्याच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर 'इओसिनोफिल' शोधत होते. ते कशासाठी?

इओसिनोफिल हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. तो सीबीसी या रक्ताच्या अगदी साध्या, स्वस्त तपासणीत मोजतात. तिच्यातला हा एक आकडा आज सीओपीडीचं औषध ठरवताना सगळ्यात जास्त पाहिला जातो. हिशेब घरी करता येतो: पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ४ टक्के असतील, तर ८,००० चे ४ टक्के म्हणजे ३२०. हा आकडा ३०० किंवा जास्त असेल तर पंपातल्या स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली. १०० च्या खाली असेल तर फायदा नगण्य आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पोटात जंत असतील तरी हा आकडा वाढतो, आणि आपल्याकडे ते नवल नाही. उलट स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तो खाली येतो. म्हणून त्रास नसताना, गोळ्या बंद असताना केलेले रिपोर्ट जपून ठेवा. एकापेक्षा जास्त असतील तर उत्तम.

बातम्यांतलं ते नवं इंजेक्शन कोणतं?

बहुधा ड्युपिलुमॅब. ते दर दोन आठवड्यांनी घ्यायचं असतं. २०२३ साली आलेल्या बोरियस या प्रयोगात ९३९ रुग्ण होते. आजार उसळण्याचं प्रमाण वर्षभरात ३० टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षी नोटस या दुसऱ्या प्रयोगात ३४ टक्के घट दिसली. त्यावर युरोपने जुलै २०२४ मध्ये आणि अमेरिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये सीओपीडीसाठी मान्यता दिली. सीओपीडीसाठी मान्यता मिळालेलं हे पहिलंच 'बायोलॉजिक', म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेलं औषध. मे २०२५ मध्ये अमेरिकेने मेपोलिझुमॅबलाही मान्यता दिली. ते चार आठवड्यांतून एकदा घेतात, आणि त्याच्या प्रयोगातली घट २१ टक्क्यांच्या आसपास होती.

ही प्रगती मोठी आहे, पण ती कोणासाठी हे नीट वाचा. ड्युपिलुमॅबच्या दोन्ही प्रयोगांत इओसिनोफिल ३०० किंवा जास्त असलेले, तीन औषधांचा पंप घेऊनही वारंवार आजारी पडणारे आणि नेहमी कफ असलेले रुग्ण घेतले होते. इंजेक्शनने विरलेल्या पिशव्या परत येत नाहीत. आणि खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. जमीन विकून इंजेक्शन घेऊ का, असं विचारणाऱ्यांना मी सांगते: आधी पंप नीट ओढला जातोय का ते पाहू, बिडी सुटली का ते पाहू, व्यायाम सुरू करू. त्यानंतरही त्रास राहिला तर छातीच्या तज्ज्ञांशी बोला.

आजार अचानक उसळतो तेव्हा दर वेळी स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. पर्याय नाही का?

शोधला जातोय. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या अब्रा या प्रयोगाचे निष्कर्ष आले. दमा किंवा सीओपीडी उसळलेले आणि त्या वेळी इओसिनोफिल जास्त असलेले १५८ रुग्ण त्यात होते. नेहमीच्या स्टेरॉइड गोळ्या घेतलेल्यांपैकी ७४ टक्क्यांचा उपचार ९० दिवसांत फसला. बेनरालिझुमॅबचं एक इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होतं. आकडे मोह पाडणारे आहेत, पण प्रयोग छोटा आहे. हेच औषध २०१९ साली नियमित डोस म्हणून दोन मोठ्या प्रयोगांत अपेक्षेला उतरलं नव्हतं. तेव्हा मोठ्या प्रयोगाची वाट पाहणंच योग्य. सध्या उसळीला गोळ्यांचा साधारण पाच दिवसांचा कोर्स पुरतो. महिनोन् महिने त्या घेत राहू नका.

मशीनने घ्यायचं नवं औषध आलं आहे म्हणे?

एन्सिफेंट्रिन. वाफेच्या मशीनने दिवसातून दोनदा घेतात. ते नलिका सैल करतं आणि थोडी सूजही कमी करतं. अमेरिकेत जून २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

पंपाची सवय लागते, असं शेजारी म्हणतात. गोळी बरी ना?

सवय लागत नाही. चष्मा लावल्याने जशी डोळ्यांना 'सवय' लागत नाही, तसंच हे. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं.

आपल्याकडे थिओफायलीनच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. कमी डोसमध्ये ती पंपातल्या स्टेरॉइडला मदत करेल, अशी आशा होती. ब्रिटनमध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर प्रयोग झाला, २०१८ साली निकाल आला: आजार उसळण्याचं प्रमाण कमी झालं नाही. नंतर चीनमधल्या प्रयोगातही तसंच दिसलं. तुमची गोळी चालू असेल तर मनाने थांबवू नका, पण 'ही अजून लागते का?' असं डॉक्टरांना जरूर विचारा. काही अँटिबायोटिक्सबरोबर ती रक्तात वाढते, हेही सांगून ठेवते.

आता पंप ओढायचा कसा. कॅप्सूलच्या पंपात कॅप्सूल बसवा, बूड फिरवून ती फोडा. मग तोंड बाजूला करून आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंपात फुंकू नका, पावडर ओली होऊन आतच चिकटते. ओठ घट्ट लावून जोरात आणि खोल ओढा, दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरा. आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. दाबायचा पंप असेल तर उलट: सावकाश ओढायचं, आणि मध्ये स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला तर औषध घशात न अडकता खाली पोचतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही मी पाहिलेत. त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पंप बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा.

चालल्यावर धाप लागते. मग चालायचं कसं?

धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांतली ताकद जाते, आणि मग आणखी लवकर धाप लागते. हे चक्र व्यायामानेच तुटतं. २०२० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १ लाख ९७ हजार वृद्ध रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला. सीओपीडीसाठी दवाखान्यात राहून घरी गेल्यावर ज्यांनी ९० दिवसांच्या आत पुनर्वसनाचे व्यायाम सुरू केले, त्यांच्यापैकी ७.३ टक्के लोक वर्षभरात दगावले. न केलेल्यांपैकी १९.६ टक्के. व्यायामाला येणारे मुळात थोडे बरे असतील हे खरं, पण तो फरक हिशेबात धरूनही मृत्यूचा धोका कमीच दिसला. आणि वेळेत व्यायाम सुरू केलेले होते किती? दोन टक्केसुद्धा नव्हते! अमेरिकेत ही स्थिती, तर तालुक्याच्या गावी काय असणार.

घरी सुरुवात अशी करा: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, जमेल तितक्या वेळा. नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावत सोडा. अडकलेली हवा त्याने बाहेर पडते. उठताना श्वास सोडा. सपाट जागेवर चाला, धाप लागली तर भिंतीला टेकून थांबा आणि पुन्हा चाला. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा.

हृदयाचाही त्रास आहे. बीटा-ब्लॉकर चालतात का?

बीटा-ब्लॉकर म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं. हृदयासाठी दिले असतील तर बहुतेकांना चालतात, घाबरून बंद करू नका. ज्यांना हृदयासाठी त्यांची गरज नाही, त्यांना केवळ सीओपीडीसाठी देऊन मात्र उपयोग झाला नाही. २०१९ आणि २०२४ असे दोन मोठे प्रयोग तेच सांगतात. आजार उसळल्यानंतरचा महिनाभर हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, तेव्हा त्या काळात छातीतलं दुखणं अंगावर काढू नका.

चाळीस वर्षं बिडी ओढली. आता सोडून काय उपयोग?

उपयोग आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीने ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ११ वर्षांनंतर पाहिलं तर सोडलेल्यांची फुप्फुसं न सोडलेल्यांच्या मानाने जवळपास निम्म्या वेगाने झिजत होती. झीज इतकी रोखणारं औषध अजून निघालेलं नाही.

स्टेम सेलने फुप्फुस नवं होतं का?

नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ६२ रुग्णांच्या प्रयोगात ते सुरक्षित वाटलं, पण फुप्फुसाची क्षमता सुधारली नाही. त्यासाठी लाखो रुपये मागणाऱ्यांना नकार द्या.

घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. किती वेळ लावायचं?

विश्रांतीतही रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल तर ऑक्सिजन आयुष्य वाढवतो. १९८० च्या सुमाराचे अभ्यास रोज किमान १५ तास लावायला सांगतात. मग २४ तास लावला तर आणखी फायदा? स्वीडनमध्ये २४१ रुग्णांवर हेच तपासलं आणि २०२४ साली निकाल आला: २४ तास आणि १५ तास यांत मृत्यू किंवा दवाखान्यात भरती होण्याच्या बाबतीत फरक नाही. म्हणजे दिवसातले काही तास नळी काढून अंगणात बसायला, देवळात जायला हरकत नाही, मात्र डॉक्टरांना विचारून. विश्रांतीतला ऑक्सिजन ८९ ते ९३ टक्के असलेल्यांना घरी कायम ऑक्सिजन देऊन फायदा होत नाही, हे २०१६ सालीच दिसलं होतं.

कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचं यंत्र आलं, आणि आकडा ९८ व्हावा म्हणून घरचे मशीनचा काटा वाढवत नेतात. हे धोक्याचं आहे. काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गुंगी येते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात २०१० साली रुग्णवाहिकांत याचा अभ्यास झाला. बेताने मोजून ऑक्सिजन दिलेल्या रुग्णांत मृत्यू बरेच कमी झाले. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ हे लक्ष्य धरतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मशीनवर चिकटवा.

दवाखान्यात तातडीने कधी न्यायचं?

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर झाली, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, छातीत दुखलं, पंप घेऊनही धाप उतरत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवू नका. पुढे वाकून, उशीवर हात टेकून बसू द्या. रुग्णवाहिका आल्यावर पहिलं वाक्य सांगा: 'यांना सीओपीडी आहे, ऑक्सिजन ८८ ते ९२ ठेवा.' पंप आणि जुने रिपोर्ट पिशवीत घालून बरोबर घ्या.